फोटो चांगले हवेत, कर्ज नको



तुळशीचे लग्न लागले की आपल्या बैठकांची हजेरी रोडावते. कार्यकर्ता कुठे म्हणून विचारावे, तर कोणी सोयरीक जमवायला गेलेला, कोणी बस्ता बांधायला, कोणी पत्रिका वाटायला. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. कापसाची आणि ज्वारीच्या भावाची लढाई आतल्या पानांवर आहेच. अग्रलेखाची जागा मात्र या वेळी लग्नातल्या फोटोवाल्याला दिली आहे. हसू नका, कारण आहे.

माण तालुक्यातल्या एका गावी बैठकीनंतर मुक्काम पडला. सहा एकर कोरडवाहूचे घर. जेवणे झाल्यावर घरच्या बाईंना आम्ही सहज म्हटले, पोरीच्या लग्नाचा अल्बम दाखवा. बाई आत निघून गेल्या. मग मालकाने सांगितले, लग्नाला दोन वर्षे झाली, अल्बम अजून स्टुडिओतच आहे. निम्मे पैसे द्यायचे राहिले होते, त्या साली शाळू पावसाअभावी पोटरीतच वाळला. तोपर्यंत आजी गेली. आजीने नातीच्या अंगावर अक्षता टाकल्या तो फोटो त्या अल्बमात, आणि म्हातारीचा दुसरा धड फोटो घरात नाही. भिंतीवर रेशनकार्डावरचा मोठा करून लावला आहे.

स्टुडिओवाल्याने काही फसवणूक केली नव्हती. त्याने काम केले होते, त्याचा दाम थकला होता. चूक झाली ती आधी, ठरवताना.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. शेतकरी लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे कर्जात बुडतो, हे पुराण आम्हाला मान्य नाही. ते फार जुने आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारने चौकशीला आयोग नेमला. कुणबी लग्नावर उधळतो म्हणून बुडतो, असा बोलबाला तेव्हाही होताच. आयोगाने मात्र लिहून ठेवले की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. कर्जाचे मूळ क्वचितच लग्नात असते. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापूस चढला, युद्ध संपताच कोसळला, वर सारा वाढला. मूळ शोधायचे ते तिथे. दीडशे वर्षांनी आजही कापसाच्या भावाचा प्रश्न निघाला की शहाणी माणसे लग्नाच्या मांडवाकडे बोट दाखवतात. त्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. पण घामाचे दाम मिळत नाहीत तोवर हातातला पैसा कुठे जातो, याचा हिशेब घरात मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तर हिशेब मांडू. प्री-वेडिंग, ड्रोन, पडदा, दोन-तीन कॅमेरे, जाडजूड अल्बम असे सगळे मिळून समजा 75 हजार सांगितले. 2025-26 च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. म्हणजे 20 क्विंटल शाळू. आमच्या जत-आटपाडीच्या हलक्या रानात एकरी चार-पाच क्विंटल पडला तर बरा म्हणायचा. चार-पाच एकरांचे खळे फोटोवाल्याच्या दारात रिकामे झाले. मध्यम धाग्याच्या कापसाचा भाव 7710. त्या हिशेबाने जवळजवळ पावणेदहा क्विंटल कापूस. तोही हमीभाव हातात पडला तर. आणि हेच पैसे शेकडा तीनने उचलले, तर वर्षाचे व्याजच 27 हजार.

ही टूम कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातून वर चढली. तिथे उसाचे बिल येते, इथे ढग येतात आणि जातात. कासच्या पठारावर जाऊन सिनेमासारखे फोटो काढायची हौस पोरापोरींना असते, ते आम्हाला कळते. हौस मोडा असे आम्ही सांगत नाही. आपल्याच शेताच्या बांधावर, शाळू हुरड्याला आलेला असताना, सकाळच्या उन्हात एक तास फोटो काढून बघा. कास फिके पडेल. (हे लिहिताना आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने नाक मुरडले. त्याचे लग्न वैशाखात आहे.)

खरी बचत मात्र दुसरीकडेच आहे. आपल्याकडे वराकडचा फोटोवाला वेगळा आणि वधूकडचा वेगळा. दोघेही एकाच बोहल्यासमोर, एकमेकांना कोपर मारत उभे. मंगळसूत्राच्या वेळी एकाच्या फोटोत दुसऱ्याची पाठ. सुपारी फुटते त्याच बैठकीत दोन्ही घरांनी मिळून एकच चांगला माणूस ठरवावा, खर्च निम्मा-निम्मा वाटावा, आणि छापताना दोन अल्बम काढावेत. काढलेल्या फोटोची दुसरी प्रत छापायला नव्याने फोटो काढावे लागत नाहीत. सोयरिकीत मानपानाचा विषय काढणे अवघड असते हे खरे, पण ज्या घराशी जन्माचे नाते जोडायचे, त्याच्याशी एवढे बोलता येत नसेल तर पुढचे काय बोलणार?

दुसरे, चांगला फोटो महागड्या कॅमेऱ्याने येतो त्यापेक्षा उजेडाने येतो. आम्ही पाहिलेल्या अल्बमांत अर्ध्या वऱ्हाडाचे चेहरे लालभडक किंवा पिवळे, जणू कावीळ झाली आहे. कारण वरचे कापड. लाल कापडातून गाळून आलेले ऊन चेहऱ्यावर लालच पडणार. मांडवाचे वरचे कापड पांढरे किंवा फिके घ्या, मंडपवाला त्याचे जास्त पैसे मागत नाही. गोरज मुहूर्त धरला की दिवे आले, जनरेटर आला. सकाळचा किंवा दुपारचा मुहूर्त धरला तर सूर्य फुकट काम करतो. घरच्या मंडळींचा एकत्र फोटो उन्हे कलल्यावर लिंबाच्या सावलीत घ्या; भर उन्हात घेतला की सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळे पडते.

तिसरे, तासांवर ठरवा. हळद, लग्न, पूजा अशा तीन दिवसांऐवजी लग्नाचा एक दिवस त्याला द्या, सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत. हळदीचे फोटो घरातल्या पोरांच्या मोबाइलवर छान येतात, तिथे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. मंगळसूत्र आणि सप्तपदी मात्र मोबाइलवर सोडू नका, ते परत घडत नाही. आणि मांडवातला एक जाणता माणूस फोटोवाल्याच्या सोबत उभा करा, ज्याला दोन्हीकडचे मामा, आत्या, चुलते ओळखता येतात. त्याच्या हातात नावांची यादी द्या. सर्वांत वर घरातली म्हातारी माणसे.

अल्बमाचा खर्च पानांवर आणि जाड पुठ्ठ्याच्या पेटीवर चढतो. चाळीस पाने कोण बघतो? वीस पुरतात. सगळे फोटो पेनड्राइव्हवर द्यायचे, हे आधीच कागदावर लिहून घ्या. त्याच्या दोन प्रती करून एक सासरी, एक माहेरी ठेवा. मग अल्बम यंदा नाही तर पुढच्या सुगीला छापता येतो, आजीचा फोटो अडकून पडत नाही. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत करायची तर 1998 च्या कायद्याप्रमाणे अर्ज भरताना लग्नाचा फोटो आणि पत्रिका विचारतात, तोही त्यातूनच निघतो. विसार किती, बाकी कधी, माल कोणत्या तारखेला, हे त्याच कागदावर लिहा, दोघांच्या सह्यांनी. ठरवण्यापूर्वी त्याचे निवडक नमुने पाहू नका, एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो पाहा. वीस फोटो कोणाचेही चांगले निघतात.

आता एक गोष्ट फोटोवाल्याच्या बाजूने. आटपाडी, दहिवडी, जत इथला स्टुडिओवाला बहुतेक आपल्यातलाच कोरडवाहूवाल्याचा पोरगा आहे. कॅमेरा त्याने हप्त्यावर घेतलेला असतो. लग्नसराईचे मोजके दिवस त्याचे, बाकी वर्षभर पासपोर्ट फोटो. त्याचा भाव घासून घासून निम्म्यावर आणला, तर तो स्वतः न येता शिकाऊ पोराला पाठवतो, आणि मग फोटोही तसेच. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा भाव पाडून घ्यावा हे आम्हाला पटत नाही. काम कमी सांगा, दर पुरता द्या. दाट तिथी सोडून रिकामी तिथी धरली, तर तो आपणहून कमी घेईल.

प्रतिसरकारच्या काळात, 1942 नंतर, याच जुन्या साताऱ्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, गावोगाव गांधी विवाह लागले. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्र्यांचा खर्च नाही. ती लग्ने लागलेले आजे-पणजे कोणाला कमी दर्जाचे वाटले नाहीत. क्रांतिसिंहांच्या मुलखात, दोन फोटोवाले एकावर आणायला नव्या चळवळीची गरज पडू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला, ज्यांच्या घरी यंदा कार्य झाले त्यांनी अल्बम आणि फोटोवाल्याची पावती दोन्ही घेऊन यावे. जेवणाच्या सुट्टीत सतरंजीवर मांडू. माणच्या त्या मालकांनाही निरोप धाडला आहे. यंदाच्या कापसाच्या पहिल्या वेचणीतून अल्बम सोडवून आणला असे कळते.