वजन मुलीचं, जबाबदारी घराची

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत एखाद्या मुलीची पाळी तीन-चार महिने येत नसेल, तर घरात एकच उत्तर मिळतं: ‘निकाह झाला की सगळं ठीक होईल.’ माझ्या खालाच्या मुलीलाही हेच सांगितलं गेलं. निकाहला तीन वर्षं झाली, मूल झालं नाही. मग सगळे तिच्या जाडीवर बोलू लागले. दूल्हाभाईंच्या तपासणीचा विषय मात्र कोणीच काढला नाही.

दोष देण्याआधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊया. पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते आणखी तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं. परिणामी बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात. यालाच पीसीओएस म्हणतात. तो सडपातळ मुलींनाही होतो, पण वजन वाढलं की त्रास बळावतो. जादा वजनामुळे गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाबाचा धोकाही वाढतो.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचं वजन जास्त आढळलं. शहरांत हे प्रमाण 33 टक्के होतं.

दिलासा असा की, वजन 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते. म्हणजे 80 किलो वजन असेल, तर 4 ते 8 किलो.

पण ते उतरणार कसं? मुलगी मोठी झाली की आपण तिची सायकल बंद करतो. भाऊ मेहरूण तलावावर फिरायला जातो. बहीण निघाली की ‘लोक काय म्हणतील?’ घरात दिवसातून चारदा साखरेचा चहा, सोबत खारी-टोस्ट. आणि वर तिलाच टोमणे.

माझं म्हणणं साधं आहे. पाळी बिघडली तर लग्नाची वाट न पाहता मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. मूल होत नसेल तर दोघांचीही तपासणी करा. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही कारण असतं. आणि भावांनो, रोज अर्धा तास बहिणीला चालायला सोबत घेऊन जा. त्या वेळात घरातलं काम दुसऱ्या कोणीतरी करावं.

खालाची मुलगी आता रोज सकाळी चालते. सोबत तिची सासूही असते.