केळ्याची साल कुठे जाते?

डब्यातलं केळं खाल्लंत, साल टाकलीत. पुढे?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पालिकेला हाच प्रश्न पडला. मग काय, कचऱ्यासाठी चक्क रेल्वे धावू लागली, महालक्ष्मीहून चेंबूरच्या दलदलीकडे! देवनारला १९२७ पासून कचऱ्याचा डोंगर वाढत गेला. ओला कचरा प्लास्टिकखाली दबला, हवा मिळेना, की कुजताना मिथेन वायू होतो. तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली. धुरामुळे जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. (सुट्टी, पण खोकत!) त्याच वर्षी देशभर नियम आला: ओला, सुका, घातक कचरा घरातच वेगळा करा. पण लालबाग-परळच्या चाळीत जिन्याखाली पिंप एकच असेल तर? सगळं पुन्हा एकत्र! पालकहो, चाळ कमिटीकडे दुसरं पिंप मागाच.