मासा कुणाच्या भरवशावर?

– तृतीय वर्ष कला

आपल्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात खाऱ्या पाण्याचे एक मोठे मत्स्यालय उभारावे, अशी सूचना एका माजी विद्यार्थ्यांनी केली आहे आणि त्याचा खर्चही ते स्वतः सोसणार आहेत, ही वार्ता एव्हाना सर्वांच्या कानी गेलीच असेल. सहा फूट लांबीची काचेची टाकी, आत खारे पाणी, आणि त्यात ‘फाइंडिंग डोरी’ या २०१६ च्या चित्रपटातला तो सुप्रसिद्ध निळा मासा! कँटीनमध्ये सध्या दुसरा विषय नाही. या आनंदात मिठाचा खडा टाकण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषयच खाऱ्या पाण्याचा असल्यामुळे त्याला इलाज नाही.

देणगीदारांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. आपल्यातल्या कित्येकांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मी तो प्रथम पाहिला सातवीच्या सहलीत, आणि त्याच दिवशी मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालयही पाहिले. खरे सांगायचे तर समुद्रापेक्षा मत्स्यालयच अधिक लक्षात राहिले. समुद्र नुसता दिसतो. काचेपलीकडचा मासा मात्र वळून आपल्याकडे पाहतो. तेव्हा ‘मुक्या जीवांना कोंडू नका’ एवढे एकच वाक्य म्हणून हा वाद मिटवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण ज्याला आणायचे त्याची थोडी चौकशी नको का करायला? हा मासा ‘टँग’ या नावाने विकला जातो. टँग हे सर्जनफिशच्या कुळातले. शेपटीच्या बुडाशी दोन्ही अंगांना नस्तरासारखा धारदार काटा असतो, म्हणून शस्त्रवैद्याचे नाव. एरवी हा काटा खाचेत मिटलेला असतो. भांडण जुंपले की शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी समोरच्याची कातडी चिरली जाते. टाकीत हात घालणाऱ्यानेही जपून असावे. दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग पुढे फूटभर होतो. प्रवाळांच्या खडकांभोवती दिवसभर फिरायचे, पाण्यातले बारीक जीव टिपायचे, अधूनमधून शेवाळाला तोंड लावायचे, हा त्याचा दिनक्रम. त्याचा चुलतभाऊ पिवळा टँग तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत खडक खरडत असतो. सकाळी एकदा चिमूटभर दाणे टाकून वर्गात निघून जावे, अशी ही जात नव्हे. जपानी लोक भाताभोवती गुंडाळतात ती वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पाने चिमट्याला लावून टाकीत सोडावी लागतात, आणि खाणे दिवसातून अनेकदा, थोडे थोडे द्यावे लागते.

टाकीच्या लांबीबद्दल माझी तक्रार नाही. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. नुसत्या पाण्याचेच वजन सात क्विंटलांच्या घरात. तेव्हा खालच्या फरशीचा विचार आधी करावा. समुद्र आपल्यापासून दूर, त्यामुळे पाणी घरीच ‘शिजवावे’ लागणार: लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ २४ किलो मीठ, आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे, मत्स्यालयासाठी मुद्दाम तयार केलेले. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे तर ६८ लिटर नवे पाणी कालवायचे. शिवाय वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज मोजून गोडे पाणी घालायचे. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशालाच विषारी. तो पचवून त्याचे निरुपद्रवी रूप करणारे जिवाणू खडकांवर आणि वाळूत वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासा सोडता येत नाही. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांना आपण नुसते पाणी दाखवणार आहोत, याची कल्पना संबंधितांनी त्यांना आधीच द्यावी हे बरे.

एवढे सगळे सांभाळूनही निळ्या टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर जडतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठतात आणि मासा खडकाला अंग घासू लागतो. त्यावर तांब्याचे औषध आहे, पण ते मोठ्या टाकीत टाकले तर कोळंबी, शंख, प्रवाळ सगळेच मरतात. म्हणून आजारी माशासाठी वेगळी टाकी हवी. नव्या माशालाही काही आठवडे तिच्यातच ठेवायचे. प्रस्तावात या दुसऱ्या टाकीचा उल्लेख असल्याचे ऐकिवात नाही.

हेही सारे पैशाने आणि हौसेने निभावेल. माझी खरी हरकत कॅलेंडरवर आहे. हवाईच्या समुद्रातल्या पिवळ्या टँगांचे वय त्यांच्या कानातल्या हाडांवरच्या वलयांवरून मोजले गेले, तेव्हा चाळिशी ओलांडलेले मासे सापडले. निळाही नीट सांभाळला तर वीस वर्षे जगू शकतो. आणि आपण? आपण येथे तीन वर्षे असतो. आज जी मुले ‘आम्ही बघू, सर!’ म्हणून पुढे येत आहेत, ती मासा हातभर व्हायच्या आत पदवी घेऊन गेलेली असतील. त्यानंतरच्यांना तो वारशात मिळेल, न मागता. दिवाळीची सुटी आहे, मेची सुटी आहे. टाकीतले पाणी २५-२६ अंशांवर राखायचे असते. मेमध्ये आपल्या गावचा पारा चाळिशीला टेकतो, इमारतीला कुलूप असते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो, आणि पाणी जितके गरम तितका तो मुळातच कमी.

ग्रंथालयासमोरचे कारंजे सर्वांनी पाहिलेच आहे. तेही थाटामाटाने सुरू झाले होते म्हणे. आज त्यात पिंपळाची पाने आणि चहाचे कप असतात. कारंजे आटले म्हणून कुणी मरत नाही, एवढाच काय तो फरक.

मासा येतो कोठून, हेही विचारायला हवे. वर्षानुवर्षे हे मासे समुद्रातूनच पकडले गेले. फिलिपीन्समध्ये तर त्यांना गुंगी आणण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारण्याची रीतच पडली होती. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पर्यावरणाचे परीक्षण झाल्याशिवाय मत्स्यालयांसाठी मासे पकडण्याचे परवाने देण्यास मनाई केली. दुसऱ्या बाजूने, हवाईतल्याच एका संशोधन संस्थेने २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पैदास टाकीत करून दाखवली, आणि २०१६ मध्ये फ्लोरिडात निळ्याचीही. काम सोपे नव्हते. अंड्यातून निघालेले पिल्लू इतके इवले की त्याच्या तोंडात मावेल असे खाद्यच मुळी मिळेना. समुद्रात ही पिल्ले दोनेक महिने प्रवाहाबरोबर वाहत असतात. तो सारा काळ टाकीत उभा करावा लागला. आज टाकीत जन्मलेला पिवळा टँग परदेशच्या बाजारात मिळतो. तो महाग पडतो, पण समुद्रातून उचललेल्या माशाच्या स्वस्ताईत वाटेत मेलेल्यांचा हिशेब धरलेला नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, मत्स्यालय करायचेच असेल तर त्यात निळा टँग नको. एकच पिवळा, टाकीत जन्मलेला, वीतभरच वाढणारा, काचेवरचे शेवाळही खाणारा असा आणावा. देणगीतली निम्मी रक्कम टाकीवर न घालता ठेवीत टाकावी आणि तिच्या व्याजातून एका पगारी माणसाची सोय व्हावी. इन्व्हर्टर आणि पाणी थंड राखणारे यंत्रही त्यातच. टाकी पाच फुटांची झाली असती तरी मी कुरकुर केली असती, पण माणूस नसेल तर दहा फुटांचीही कामाची नाही. देणगीदारांना हे पत्राने कळवले तर ते रागावतील असे मला वाटत नाही. ज्यांना मासा आवडतो त्यांना तो जगावा असेही वाटत असणार.

आणि पगारी माणूस मिळेपर्यंत घाई करायचीच असेल, तर व्यवस्थापनाने निर्णयाआधी नोटीसबोर्डावर एक कोरा तक्ता लावावा. त्यावर मे महिन्याच्या एकतीस तारखा असाव्यात, आणि प्रत्येक तारखेपुढे सकाळी, दुपारी व संध्याकाळी येणाऱ्याने आपले नाव आणि वर्ग लिहावा. पहिल्या आठवड्यापुढे माझे नाव घालायला मी एका पायावर तयार आहे. अडचण एवढीच की मी तृतीय वर्षात आहे, आणि जूनपासून फाटकावर माझे ओळखपत्र चालणार नाही.