निकाल जिल्ह्यांचे आणि प्रश्न पेन्शनचा



विधानसभेचा निकाल लागला की आमच्या पेन्शनचाही निकाल लागला, असे सांगणाऱ्यांची एक जमात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसला ६८ पैकी ४० जागा मिळाल्या, तेव्हा ‘जुन्या पेन्शनने सत्ता पालटली’ असा डंका पिटला गेला. वर्षभरातच राजस्थान व छत्तीसगडमध्ये जुनी पेन्शन देणारी सरकारे पडली, तर लगेच ‘पेन्शनचा मुद्दा संपला’! आम्हाला दोन्ही निष्कर्ष अमान्य आहेत.

हिमाचलचेच जिल्हावार निकाल पाहा. कांग्रामध्ये १५ पैकी १०, शिमल्यात ८ पैकी ७ जागा काँग्रेसला. हमीरपूरच्या ५ पैकी भाजपला एकही नाही. आणि लगतच्या मंडी जिल्ह्यात? १० पैकी ९ भाजपला, कारण तो तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा जिल्हा. मग मंडीच्या शिक्षकाला म्हातारपणी भाकरी लागत नाही काय? राज्यभरात दोन्ही पक्षांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते. अशा निसटत्या बेरजेवर कामगाराचा हक्क टांगून ठेवायचा काय?

जानेवारी २०२३ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने जुनी पेन्शन मंजूर केली. तिचे आम्ही स्वागतच करतो. पण २००४ नंतर भरती झालेल्या, मंडीच्याच पोस्टमनला आणि कालका-शिमला मार्गावरच्या ट्रॅकमनला त्यातून दमडी मिळाली नाही. आमची पेन्शन शिमल्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, दिल्लीत अडली आहे.

दिल्लीने १ एप्रिल २०२५ पासून काय दिले? ‘एकीकृत’ योजना. पगाराची दहा टक्के कपात कायम, आणि निम्म्या पगाराच्या पेन्शनसाठी २५ वर्षांच्या सेवेची अट! जुन्या पेन्शनला कपात नव्हती. एवढेही पदरात पडले ते रस्त्यावरच्या रेट्याने. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी संपावर गेले, ते कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यावर विसंबून नव्हे.

पेन्शन ही खैरात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजीच बजावले आहे. तेव्हा मत जरूर द्या, दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला जाब विचारा. पण मतपेटीवर हवाला ठेवून शाखेची सभा चुकवू नका. सरकारे पाच वर्षांची असतात, संघटना कायमची.

कामगार एकजुटीचा विजय असो!