झाड ओरडत नाही, म्हणून काय झाले?

वर्गमित्रांनो आणि भित्तीपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

सजीव कोणाला म्हणावे, हे आपण शाळेत शिकतो. सजीव खातात, वाढतात, श्वास घेतात आणि आजूबाजूला काही घडले की त्याला प्रतिसाद देतात. पेपरात हे सगळे जण बरोबर लिहितात. पण मधल्या सुट्टीत बघा! झाडाला कुणी सजीव धरीतच नाही.

लाजाळूचेच घ्या. बोट लावले की पाने मिटतात. आपण म्हणतो, लाजली. माझ्या मते ती लाजत-बिजत काही नाही. पानाच्या देठाशी एक बारीक फुगीर सांधा असतो. धक्का लागला की त्यातल्या पेशींतले पाणी झटकन बाहेर जाते आणि पान खाली पडते. परत उघडायला बरीच मिनिटे लागतात. तोवर त्या पानाला पुरेसे ऊन मिळत नाही आणि ऊन नाही तर अन्न नाही. म्हणजे सबंध सुट्टीभर पाळीपाळीने तिला बोटे लावणे हे जेवणाऱ्याच्या पुढचे ताट ओढण्यासारखेच झाले.

बाकीची झाडे सावकाश प्रतिसाद देतात, एवढाच फरक. घेवड्याचे रोप खिडकीत ठेवा. थोड्या दिवसांत ते उजेडाकडे वाकते, कारण त्याची सावलीकडची बाजू जास्त वाढते. कुंडी आडवी केली तरी मूळ खालीच वळते. डोळ्यांना न दिसणारी ही हळू वाढ मोजण्यासाठी जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र बनवले. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात संशोधनाची संस्थाही काढली.

काही जण म्हणतील, झाडाला मेंदू नाही, मग त्याला दुखते कुठे? आपल्यासारखे दुखते असे मीही म्हणत नाही. पण खोडाला जखम झाली की कडुनिंबातून डिंक येतो. तो काय उगाच येतो? झाडाने दिलेला तो जबाबच आहे. आपल्याला तो ऐकू येत नाही, हा झाडाचा दोष नव्हे.

शाळेपुढच्या निंबाला नऊ खिळे आहेत. मी मोजले. एक पाटीचा, दोन तारेचे, बाकीचे कशाचे ते कुणालाच सांगता येत नाही. पालकांनो, गुरे बांधायची साखळी आणि कपड्यांची तारसुद्धा खोडाला करकचून बांधू नका. पानांनी केलेले अन्न सालीतून मुळांकडे जाते. सालच चहूबाजूंनी कापली गेली तर मुळे उपाशी राहतात आणि झाड वाळते.

पाटी सैल सुतळीने बांधता येते. खोड जाड होते, म्हणून दर पावसाळ्यात गाठ सोडून पुन्हा बांधावी. याला खर्च काहीच नाही.

पंधरा ऑगस्टला आपण पताका लावतो. या वेळी कुणी हातोडी आणू नका, सुतळी आणा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी