कच्च्या कालवांमधला ‘मांसभक्षक’ जीवाणू : ज्येष्ठांनाच धोका जास्त का?

खाण्यातून जंतू पोटात गेले की उलट्या, जुलाब आणि दोन दिवस पेज. बहुतेकदा प्रकरण तिथेच संपतं. पण एक जीवाणू तोंडावाटे शिरतो आणि त्याची खूण दिसते थेट पायाच्या त्वचेवर. त्याचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलराच्या जीवाणूचा हा भाऊबंद.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या एकट्या फ्लोरिडा राज्यात याचे ८२ रुग्ण नोंदवले गेले आणि १९ जण दगावले.

तो शरीरात येतो कसा?

दोन वाटांनी. हा जीवाणू खाडीसारख्या कोमट, मचूळ पाण्यात वाढतो. कालवं हेच पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे जीवाणू त्यांच्यात साठतात. अमेरिकेत कालवं लिंबू पिळून कच्ची खाल्ली जातात. लिंबू, तिखट सॉस किंवा दारूने हा जीवाणू मरत नाही. कालवाचा वास आणि चवही बदलत नाही. दुसरी वाट म्हणजे जखमेला लागलेलं खारं पाणी.

‘मांसभक्षक’ हे नाव मात्र फसवं आहे. तो मांस खात नाही, त्याच्या विषामुळे त्वचेखालच्या पेशी मरतात.

ज्येष्ठांना धोका का?

धडधाकट माणसाला बहुधा जुलाबच होतात. पण यकृताचा आजार असेल तर रक्तात शिरलेले जीवाणू नीट गाळले जात नाहीत. रक्तात लोह जास्त असेल तर ते झपाट्याने वाढतात. मधुमेह, कॅन्सर, पोटातलं ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या यांनीही धोका वाढतो. आणि हे सगळं वयाबरोबरच येतं.

मग थंडी-ताप, रक्तदाब खाली, पायात असह्य वेदना आणि रक्ताळलेले फोड. अमेरिकेच्या सीडीसीनुसार साधारण ५ पैकी १ रुग्ण दगावतो, कधीकधी एक-दोन दिवसांतच.

रुग्ण का वाढताहेत?

समुद्र तापतोय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अमेरिकेच्या पूर्व भागात जखमेतून होणारे हे संसर्ग १९८८ मध्ये वर्षाला सुमारे १० होते, २०१८ पर्यंत ते ८० वर गेले. हा पट्टा दरवर्षी सुमारे ४८ किलोमीटर उत्तरेकडे सरकतोय.

आपण काय करायचं?

कोकणात कालवं, तिसऱ्या शिजवूनच खातात, ही सवय मोलाची आहे. शिंपले उघडल्यावरही ३ ते ५ मिनिटं उकळू द्या. न उघडलेले टाकून द्या. परदेशात मुलांकडे गेलेल्या आई-बाबांना कच्च्या कालवांचा आग्रह करू नका. हाताला किंवा पायाला जखम असेल तर खाडीत उतरू नका, कालवं फोडताना हातमोजे घाला.

तरीही ताप येऊन पाय लाल झाला, सुजला, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. तातडीने हॉस्पिटल गाठा. कच्चे शिंपले खाल्ले होते किंवा जखमेला खारं पाणी लागलं होतं, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. योग्य अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया वेळेत सुरू होणं बरेचदा त्या एका वाक्यावर अवलंबून असतं.