टाळेबंदीचा दंड कोणी भरला?

‘टाळेबंदी’ हा शब्द कामगार चळवळीतील माणसाला नवा नाही. गिरणीच्या दाराला कुलूप लावून कामगाराला उपाशी ठेवण्याचा जो मालकी उपाय, त्याचे हे नाव. मार्च 2020 मध्ये तोच शब्द साऱ्या देशाला लागू झाला आणि त्याच्या मागोमाग त्याचा जुना अर्थही आला, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात तेव्हा आले नाही. “साथ होती, निर्बंध अपरिहार्य होते, मोडणाऱ्यांना दंड झाला तर बिघडले काय?” असा युक्तिवाद आज आपल्या सहानुभूतीदारांकडूनही ऐकू येतो. त्याला उत्तर दिले पाहिजे.

साथीच्या काळात प्रवासावर बंधने नकोत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. घटनेच्या 19 व्या कलमाने देशभर संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे, तसाच जनहितार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकारही शासनाला दिला आहे. वाद आहे तो ‘वाजवी’ या शब्दाचा. 24 मार्चला रात्री आठ वाजता घोषणा करायची आणि मध्यरात्रीपासून देश बंद करायचा, हे घर असलेल्याला सोसते. ज्याचा निवारा कामाच्या जागीच आणि घर शेकडो मैल दूर, त्याची मजुरी त्या चार तासांत थांबली आणि गावाकडचा रस्ताही बंद झाला.

शासनाच्या हाती शस्त्रे होती ती मुंबईच्या प्लेगच्या वेळचा 1897 चा साथरोग कायदा, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि भारतीय दंडविधानाचे 188 वे कलम. आज्ञाभंगाची शिक्षा तेवढी 1897 च्या कायद्यात आहे; कोंडलेल्या माणसाच्या पोटाची जबाबदारी त्यात कोणावरच नाही. पुढे एप्रिल 2021 च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशाने खाजगी वाहनाने विनाकारण शहराबाहेर वा जिल्ह्याबाहेर जाणाऱ्यास 10,000 रुपये दंड ठेवला. अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय निकड, अंत्यविधी, कुटुंबीयाचे गंभीर आजारपण ही मान्य कारणे. रोजगार बुडाला आणि खोलीचे भाडे थकले, हे कारण त्या यादीत नव्हते.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले म्हणून सांगतो, सरसकट सारखा दंड समान नसतो. महिना दोन लाख मिळविणाऱ्यास 10,000 रुपये म्हणजे दीड दिवसाची मिळकत. रोज 400 रुपये मिळविणाऱ्यास ती पंचवीस दिवसांची मजुरी. पहिल्याच्या लेखी हा दंड म्हणजे महागडे तिकीट, दुसऱ्याच्या घरी महिनाभराची उपासमार. त्या मे महिन्यात नाक्यावर मलाही अडविण्यात आले. पिकलेले केस आणि बोलण्याची ढब पाहून हवालदाराने “जा सर” म्हटले. मागच्या टेम्पोतील माणसाला मात्र खाली उतरविले गेले. कागद मी दाखविला नव्हता. त्याच्याकडे तो होता की नाही, मला ठाऊक नाही. गाडी न थांबविता मी पुढे गेलो, याची खंत आजही वाटते.

हा भेद नाक्यापुरता नव्हता. एप्रिल 2020 मध्ये गृह विभागातील एका उच्चाधिकाऱ्याच्या पत्रावर एका धनाढ्य कुटुंबासह 23 जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. बोभाटा झाल्यावर गुन्हा नोंदविला गेला, अधिकारी सक्तीच्या रजेवर गेला. पुढच्याच महिन्यात, 8 मे रोजी पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. पासासाठी अर्ज करूनही उत्तर आले नव्हते, असे वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले. एकाला पत्र सहज मिळाले, दुसऱ्याला उत्तरही नाही!

9 जून 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांवरील असे खटले मागे घेण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. तरीही सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला तो उलटाच. 188 व्या कलमात साध्या आज्ञाभंगाला 200 रुपयांपर्यंत दंड होता. जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 223 व्या कलमात ती मर्यादा 2,500 रुपये झाली, आणि कैदेची मर्यादा एका महिन्यावरून सहा महिन्यांवर गेली. मिळकतीशी दंडाचे नाते जोडण्याचा विचार कोणाला शिवला नाही. फिनलंडने ही पद्धत 1921 मध्येच स्वीकारली. तेथे अनेक गुन्ह्यांसाठी दंड रोजच्या मिळकतीच्या हिशेबाने ठरतो.

आपलेही चुकले. आपण धान्य वाटले, ते योग्यच केले. पण दंडाच्या पावत्या घेऊन फिरणाऱ्यांच्या बाजूने वकील उभा करणे आपल्याला सुचले नाही. पुढची साथ येईल तेव्हा नाके पुन्हा उभे राहतील. तत्पूर्वी तीन मागण्या गावोगावच्या सभांतून मांडल्या पाहिजेत: दंड मिळकतीनुसार असावा आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय असावी, उपजीविका बुडणे हे प्रवासाचे मान्य कारण ठरावे, आणि ज्या आदेशाने काम बंद होईल, त्याच आदेशात मजुरीची हमी असावी. ही हमी नसलेला निर्बंध आरोग्याच्या नावाने पुकारलेली जुनीच टाळेबंदी होय, आणि टाळेबंदीशी कसे लढायचे हे या चळवळीला शिकवावे लागत नाही.